धबधब्याच्या डोहापर्यंतची वाट : सह्याद्रीत कधी जावे, कसे चालावे, पाण्यात केव्हा उतरावे

सह्याद्रीतील धबधब्याला दोन हंगाम असतात. जून ते सप्टेंबर हा तो दुरून पाहण्याचा हंगाम आणि पाऊस सरल्यानंतर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत, त्याच्या डोहात उतरण्याचा. भर पावसात डोहात उतरण्याचा मोह झाला की हे दोन हंगाम एकमेकांत मिसळतात आणि बहुतेक अपघात नेमके तेव्हाच घडतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. ते प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना घट्ट धरून उभे होते आणि पाणी भोवती वाढत गेले. असे पाणी कुठून येते, ते येण्याआधी काय सांगते आणि डोहात उतरायचे असेल तर कोणत्या क्रमाने काय पाहावे, हे या लेखात सविस्तर मांडले आहे. उदाहरणासाठी मुख्यतः रायगड जिल्ह्यातील भिरा गावाजवळचा देवकुंड धबधबा घेतला आहे, कारण जंगलातील वाट, ओढे आणि खोल कुंड या तिन्ही गोष्टी तिथे एकाच दिवसात अनुभवाला येतात.

पाण्याचा स्वभाव

सह्याद्री हा बेसॉल्ट खडकाचा डोंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरत गेले. त्यांतील काही कठीण, काही भुसभुशीत, तर काही थरांच्या मध्ये लाल मातीचा पट्टा असतो. पाणी मऊ थर आधी खाते आणि वरचा कठीण थर छज्जासारखा पुढे राहतो, म्हणून आपल्याकडचे धबधबे पायऱ्यापायऱ्यांनी कोसळतात आणि प्रत्येक पायरीखाली एक कुंड कोरले जाते. हे कुंड काठाकडे उथळ आणि धारेखाली एकदम खोल असते. शिवाय धारेमागचा खडक आतून पोखरलेला असतो. जी जागा पाण्याने हजारो वर्षे खणली आहे तिचा तळ सपाट असेल, असे कधीही गृहीत धरू नये. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात निघोजजवळ कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे आहेत ते ज्यांनी कोरड्या दिवसांत पाहिले असतील, त्यांना पाण्याखालचा कातळ किती अनपेक्षितपणे आत जातो याची कल्पना करता येईल.

दुसरी गोष्ट पाणलोटाची. घाटमाथ्यावर मातीचा थर पातळ आहे, खाली अखंड कातळ आहे आणि उतार तीव्र आहे. आषाढात जमीन एकदा भिजली की वर पडलेला पाऊस मुरायला जागाच उरत नाही. तो थेट ओढ्यात उतरतो. त्यामुळे कोकणातल्या पायथ्याशी ऊन पडलेले असताना माथ्यावरच्या एका जोरदार सरीने ओढा काही मिनिटांत फुगू शकतो. हेच पाणी जसे झटकन चढते तसे बहुधा झटकन उतरतेही, आणि ही गोष्ट लक्षात असेल तर अडकलेला माणूस धीर धरून काठावर बसतो, ती नसेल तर तो घाईने पाण्यात पाय घालतो.

धरणाखालच्या पात्राची गोष्ट आणखी वेगळी आहे. मुळशीचे पाणी बोगद्यांतून भिरा येथील जलविद्युत केंद्रात उतरते आणि तिथून कुंडलिका नदीत सोडले जाते. कोलाडजवळचे राफ्टिंग याच पाण्यावर चालते. म्हणजे तिथे नदीची पातळी आभाळ पाहून कळत नाही, भर उन्हाळ्यातही ती वाढू शकते. धरण, बंधारा किंवा वीजकेंद्राच्या खालच्या पात्रात पोहायला उतरायचे असेल तर पाणी सोडण्याची वेळ आणि भोंग्याचा अर्थ गावात विचारून घ्यावा. ज्यांना हे विचारायला वेळ नाही, त्यांनी त्या पात्रात उतरू नये.

ठिकाण आणि दिवस कसा निवडावा

ठिकाण निवडताना त्याच्या छायाचित्रापेक्षा तिथवर जाणाऱ्या वाटेचा विचार आधी करावा. ठोसेघरसारख्या ठिकाणी रस्त्यापासून थोडे चालले की कठड्यामागून धबधबा दिसतो. वृद्ध माणसे आणि लहान मुले बरोबर असतील तर पावसाळ्यात हीच निवड योग्य. माळशेज परिसरातील काळू धबधब्याच्या पायथ्याला जायचे तर नदी ओलांडावी लागते, त्यामुळे पावसाळ्यात तो वरून किंवा समोरून पाहण्याचाच धबधबा आहे. ताम्हिणीजवळच्या पिंपरी गावाहून भिऱ्याकडे उतरणारी अंधारबनाची वाट सुमारे तेरा किलोमीटरची असून ती एकदा धरली की मधून सुटण्याचे मार्ग फारसे नाहीत. देवकुंडाची वाट भिऱ्यातून निघते, धरणाच्या जलाशयाच्या काठाने जाते, मग जंगलात शिरून ओढे ओलांडत शेवटी मोठमोठ्या धोंड्यांमधून कुंडाशी पोहोचते. एका बाजूचे अंतर सहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि जायला दोन ते तीन तास लागतात. आपल्या गटातील सर्वात हळू चालणाऱ्या माणसाचा वेग धरूनच वेळेचा हिशेब करावा. ओल्या जंगलवाटेवर तो ताशी दोन किलोमीटर धरला तर फसगत होत नाही.

गोव्यातील दूधसागराबद्दल स्वतंत्रपणे सांगायला हवे, कारण महाराष्ट्रातून तिथे जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. रेल्वेमार्गावरून चालत दूधसागर गाठणे हा रेल्वे कायद्याच्या कलम १४७ नुसार गुन्हा आहे आणि ती वाट बोगद्यांमुळे खरोखर जीवघेणी आहे. पावसाळा संपल्यावर कुळे येथून अभयारण्यातून जीपने जाता येते आणि तिथे पाण्यात उतरताना लाइफ जॅकेट घालावे लागते. हाच नियम प्रत्येक डोहाला असावा, असे मला मनापासून वाटते.

दिवस ठरवताना तीन चौकशा कराव्यात. पहिली, प्रशासनाची बंदी आहे का. जिल्हाधिकारी किंवा प्रांताधिकारी पावसाळ्यात धोकादायक धबधब्यांवर मनाई आदेश काढतात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. देवकुंडावर पावसाळ्यात अशी बंदी वारंवार येते. बंदी असताना आडवाटेने जाणारा माणूस स्वतःबरोबर त्याला शोधायला येणाऱ्या गावकऱ्यांचा जीवही धोक्यात घालतो.

दुसरी चौकशी हवामानाची. हवामान विभागाचा जिल्हावार इशारा रंगांत असतो. नारंगी किंवा लाल असेल तर बेत रद्द करावा आणि पिवळा असेल तर ओढा ओलांडावा लागणारी वाट टाळावी. विभागाच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे 'जोरदार', ११५.६ पासून 'अतिजोरदार' आणि २०४.४ च्या वर 'अत्यंत जोरदार' पाऊस मानला जातो. इशारा पाहताना धबधब्याच्या जिल्ह्याबरोबर घाटमाथ्याच्या पलीकडच्या जिल्ह्याचाही पाहावा. देवकुंड रायगडात आहे, पण माथा ओलांडला की लगेच पुणे जिल्हा लागतो.

तिसरी चौकशी, आणि माझ्या मते सर्वात मोलाची, गावातली. आदल्या संध्याकाळी आणि निघायच्या सकाळी गावात फोन करून 'ओढ्याला पाणी किती आहे' एवढेच विचारावे. गुडघ्याएवढे, मांडीएवढे, कमरेएवढे अशा भाषेत मिळालेले उत्तर कुठल्याही ॲपपेक्षा कामाचे असते.

ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी हस्ताचा पाऊस विसरू नये. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा या हस्त नक्षत्राच्या काळात सकाळ लख्ख असते आणि दुपारनंतर गडगडाटासह पाऊस कोसळतो. कधी चित्रा-स्वातीपर्यंत हे चालू राहते. म्हणून या दिवसांत पहाटे निघावे, दुपारी बारापर्यंत पाण्यातून बाहेर यावे आणि शेवटचा ओढा दोनच्या आत ओलांडलेला असावा.

वाटाड्या आणि सामान

गावातील वाटाड्या घ्यावा. अनोळखी जंगलात ढोरवाटा इतक्या फुटलेल्या असतात की मळलेली वाट कोणती आणि गुरांची कोणती हे नवख्याला कळत नाही. वाटाड्याला वाट माहीत असतेच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणत्या ओढ्याचे पाणी किती वेळाने उतरते, डोहात कुठे कपार आहे आणि याआधी कुठे कोण बुडाले हे त्याला ठाऊक असते. मोबदला निघण्याआधी ठरवावा, घासाघीस करू नये आणि जेवण शक्यतो त्याच गावात सांगून ठेवावे. तांदळाची भाकरी, पिठले आणि ठेचा चालून आलेल्या माणसाला जे सुख देतात ते शहरातून बांधून आणलेल्या डब्यात नसते.

बूट खोल खाचांच्या रबरी तळव्याचे हवेत. सपाट तळव्याचे स्पोर्ट्स शूज शेवाळलेल्या कातळावर साबणासारखे सरकतात आणि चपला घालून तर अशा वाटेला जाऊच नये. जीन्स भिजली की जड होते आणि वाळत नाही, म्हणून पटकन वाळणारी पूर्ण लांबीची पँट घालावी; तिने काटे आणि जळवा दोन्हींपासून बचाव होतो. जळू चिकटली तर ओढून काढू नये, मीठ लावावे किंवा नखाने तोंडाच्या बाजूने अलगद सोडवावी. सामानात प्रत्येकी दोन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे किंवा चिक्की, ओआरएसची पाकिटे, विजेरी, शिट्टी, कोरडे कपडे आणि प्रथमोपचाराची पिशवी असावी. कपडे व मोबाइल प्रत्येकी दोन प्लॅस्टिक पिशव्यांत गुंडाळावेत.

गटासाठी दोन गोष्टी माझ्या आग्रहाच्या आहेत : वीस मीटर दोर आणि पाच लिटरचा रिकामा, घट्ट झाकणाचा कॅन. कॅनच्या मुठीला दोराचे टोक बांधले की बुडणाऱ्याकडे फेकता येणारे साधन तयार होते. त्यात दोन पेलेभर पाणी ठेवले तर तो वाऱ्याने भरकटत नाही आणि नेम धरून फेकता येतो. घरासमोरच्या मैदानात चार वेळा फेकून पाहावा, कारण पहिल्या फेकीत तो नक्की चुकतो.

घरी एका माणसाला वाट, गाडीचा क्रमांक, गटातील नावे आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी. जंगलात मोबाइलला रेंज बहुधा नसते. नकाशा आधीच उतरवून घ्यावा आणि रेंज गेल्यावर फोन विमान मोडवर टाकावा, म्हणजे चार्जिंग टिकते.

चालताना

पुढे वाटाड्या, शेवटी गटातील सर्वात अनुभवी माणूस आणि मध्ये बाकीचे, असा क्रम ठेवावा. प्रत्येक फाट्यावर मागचा माणूस दिसेपर्यंत थांबावे. वाट चुकल्याची शंका आली तर ओढ्याच्या पात्राने खाली उतरण्याची चूक करू नये. सह्याद्रीत ओढा पुढे कड्यावरून कोसळण्याची शक्यताच अधिक. ज्या जागेची खात्री होती तिथे परत जावे.

शेवाळाचा रंग पाहायला शिकावे. हिरवे शेवाळ सगळ्यांना दिसते, पण काळपट, तेलकट चकाकणारा कातळ त्याहून निसरडा असतो. अशा ठिकाणी पाय कातळाच्या फुगीर भागावर न ठेवता खाचेत ठेवावा, पावले लहान टाकावीत आणि घसरल्यास बसकण मारण्याची तयारी ठेवावी. झुडपाला धरण्याआधी त्यावर नजर टाकावी. ओढ्याकाठच्या बांबूत आणि झुडपांत चापडा हा हिरवा विषारी साप पानासारखा बसलेला असतो, तर दगडांच्या सापटीत फुरसे असू शकते. मोठ्या झाडावर किंवा कड्याला आग्या मोहोळ दिसले तर आवाज, धूर आणि अत्तर तिन्ही टाळून पुढे सरकावे.

निघतानाच परतीची वेळ ठरवून घ्यावी आणि ती वेळ झाली की धबधबा समोर दिसत असला तरी मागे फिरावे. दाट जंगलात अंधार सूर्यास्ताच्या बराच आधी उतरतो. नोव्हेंबरात साडेपाचला पायाखालचा दगड दिसेनासा होतो.

ओढा ओलांडताना

एका ऑक्टोबरात देवकुंडाहून परतताना आम्ही ज्या ओढ्यातून सकाळी घोटाभर पाण्यातून गेलो होतो, त्याच ओढ्याच्या काठी दुपारी थांबलो. आमच्या डोक्यावर ऊन होते, घाटमाथा मात्र काळा झाला होता. बरोबरच्या वाटाड्या काकांनी एक वाळकी काडी मोडली, पाण्याच्या नेमक्या कडेला वाळूत उभी खोवली आणि बिडी काढून बसले. पाण्यात आधी बारीक काटक्या आणि हिरवी, नुकतीच तुटलेली पाने दिसू लागली. मग तळाची वाळू दिसेनाशी झाली, पाणी चहाच्या रंगाचे झाले आणि खळखळाटाच्या जागी घरघर ऐकू येऊ लागली. पंधरा मिनिटांत काडीचे टोकही दिसेना. "आता बसा. आलंय तसं जाईल," एवढेच काका म्हणाले. आम्ही जवळजवळ दोन तास बसलो, पाणी पुन्हा गुडघ्याखाली आले, तेव्हा उठलो. तेव्हापासून मी प्रत्येक ओढ्याच्या काठी काडी खोवतो, आणि पाणी वाढण्याच्या या खुणा त्याच क्रमाने पाहतो : काडीकचरा, रंग, आवाज, पातळी. यांपैकी एकही दिसली तर पात्रातून ताबडतोब बाहेर पडून उंच काठावर जावे. ज्या काठावर गाव आणि गाडी आहे तो काठ शक्य असेल तर उत्तमच, पण केवळ त्यासाठी वाढत्या पाण्यातून पलीकडे जाऊ नये.

ओलांडायचेच असेल तर जागा अशी निवडावी की जिथे पात्र रुंद, पाणी पसरट आणि तळ दिसणारा आहे. अरुंद जागा सोपी वाटते, पण पाणी तिथेच खोल आणि वेगवान असते. खालच्या अंगाला धबधबा, धोंड्यांची रांग किंवा पडलेले झाड असेल तर ती जागा सोडावी; वाहून जाणारा माणूस फांद्यांत अडकतो आणि पाणी त्याला तिथेच दाबून धरते. वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. गुडघ्याच्या वर असलेले वेगवान पाणी धडधाकट माणसालाही उभे राहू देत नाही, म्हणून गुडघा ही मर्यादा मानावी, आणि मुले असतील तर मुलांचा गुडघा.

पाठपिशवीचे कमरेचे व छातीचे बंद सोडावेत, बूट काढू नयेत. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला करून, हातातील काठी समोर टेकवून, खेकड्यासारखे आडवे सरकावे. काठी आणि दोन पाय या तीन आधारांपैकी एका वेळी एकच उचलावा. गटाने एकमेकांच्या खांद्यांना धरून ओलांडताना सर्वात भक्कम माणूस वरच्या अंगाला ठेवावा. दोर लावला तर तो हाताने धरण्यापुरता वापरावा, कमरेला कधीही बांधू नये. पाय सुटल्यावर बांधलेला दोरच माणसाला पाण्याखाली खेचतो.

साकव आणि जुने पूल यांवर एका वेळी मोजकी माणसे जावीत आणि छायाचित्रासाठी तर तिथे मुळीच थांबू नये. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चार जणांचा मृत्यू झाला.

डोहात उतरण्याआधी

कुंडाशी पोहोचल्यावर आधी अर्धा तास बसावे. शरीर चालून तापलेले असते आणि डोहाचे पाणी, विशेषतः डिसेंबरात, वर कोमट आणि खाली थंडगार असते. तापल्या अंगाने उडी मारली तर श्वास एकदम अडकतो आणि त्याच क्षणी नाकातोंडात पाणी जाते. या अर्ध्या तासात पाण्याचे निरीक्षण करावे. एक वाळके पान टाकून ते कुठे जाते ते पाहावे. काठाने गोल फिरून परत आले तर भोवरा आहे, धारेकडे ओढले गेले तर पृष्ठभागाची ओढ धबधब्याकडे आहे, आणि सरळ बाहेरच्या तोंडाकडे गेले तर पुढे काय आहे ते चालत जाऊन पाहून यावे. पुढे दुसरी पायरी असेल, तर त्या तोंडाजवळ पोहू नये.

डोहाकाठी शेंदूर लावलेले दगड, हिरव्या बांगड्या, वाहिलेली ओटी दिसली तर तिथे साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या देवतांचे, ठाणे आहे असे समजावे. त्या डोहात गावकरी उतरत नसतील तर आपणही उतरू नये. त्यांच्या श्रद्धेचा मान तर राखायचाच, पण माझा अनुभव असा की जिथे आसरा मानल्या जातात तो डोह बहुतेक वेळा खरोखरच खोल आणि ओढीचा असतो. पिढ्यान्‌पिढ्यांची आठवण तिथे दगडाच्या रूपाने मांडून ठेवलेली असते.

पाणी स्वच्छ असेल तर खोली डोळ्यांनी जोखताना फसगत होते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे वरून पाहताना पाणी खऱ्या खोलीच्या सुमारे तीन चतुर्थांश एवढेच भासते; सहा फूट वाटणारा डोह आठ फुटांचा असतो. दोराला दगड बांधून खोली मोजावी, आणि मगच ज्याला पोहता येते त्याने, लाइफ जॅकेट घालून, काठाने पाय टेकवत प्रथम उतरावे. एका वेळी अर्धा गट पाण्यात आणि अर्धा काठावर दोर-कॅन घेऊन, ही विभागणी मोडू नये. उंचावरून उडी किंवा सूर मारू नये. मागच्या वर्षी मोकळी असलेली जागा या वर्षी पुरात आलेल्या धोंड्याने भरलेली असू शकते आणि मानेच्या मणक्याला झालेली इजा जन्माची असते.

धारेखाली जाऊ नये. कोसळणाऱ्या पाण्यात हवा इतकी मिसळलेली असते की त्या फेसात शरीर नेहमीसारखे तरंगत नाही, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही पाणी धरवत नाही. खाली गेलेला प्रवाह तळातून बाहेर जातो आणि पृष्ठभागावरचे पाणी पुन्हा धारेकडे येते, त्यामुळे माणूस त्याच चक्रात फिरत राहतो. धारेबरोबर वरून दगडही येतात; मुठीएवढा दगड शंभर फुटांवरून डोक्यात पडला तर काय होईल हे सांगायला नको. पोहणे धारेपासून दूर, पाण्याचा रंग संथ आणि एकसारखा असेल तिथेच करावे. ज्याने मद्य घेतले आहे त्याला पाण्यात उतरू देऊ नये, मग तो कितीही जवळचा मित्र असो.

पाण्यात बूट किंवा जुने कॅनव्हास घालूनच उतरावे. गेल्या काही वर्षांत ओळखीच्या जवळपास प्रत्येक डोहात मला बाटल्यांच्या काचा सापडल्या आहेत. एकदा तळाशी निळसर चमकणारा सुंदर खडा म्हणून उचलायला गेलो तो फुटक्या बाटलीचा बूड होता, कडा अजून धारदार. त्याच पाण्यात दुसऱ्या दिवशी गावातल्या म्हशी उतरतात आणि गुराखी पोरे अनवाणी पोहतात. आपला कचरा परत आणावाच, शिवाय सापडलेल्या काचा जाड कापडात गुंडाळून खाली न्याव्यात. खालच्या वाडीला पिण्याचे पाणी याच ओढ्याचे असते, म्हणून साबण-शाम्पू वापरू नये आणि शौचाला पाण्यापासून किमान साठ मीटर दूर जाऊन खड्डा करून बसावे.

प्रसंग ओढवला तर

कोणी बुडू लागले तर त्याच्यामागे उडी मारू नये. घाबरलेला माणूस हाताला लागेल ते खाली दाबून वर येऊ पाहतो. एकाला वाचवताना दोघे-तिघे गेल्याच्या घटना दरवर्षी घडतात. काठावर आडवे पडून काठी किंवा ओढणी द्यावी, अंतर जास्त असेल तर दोराचा कॅन त्याच्या पलीकडे फेकून दोर त्याच्या हातावर येईल असा ओढावा. स्वतः वाहून जात असाल तर उभे राहण्याची धडपड न करता पाठीवर तरंगावे, पाय प्रवाह जातो त्या दिशेला आणि पायाची बोटे पाण्यावर ठेवावीत, आणि पाणी संथ झाले की तिरकस काठाकडे जावे.

बाहेर काढलेल्या माणसाचा श्वास चालत नसेल तर पोट दाबणे, उलटे लटकवणे, गोल फिरवणे यांत एक क्षणही घालवू नये. त्याला सपाट जागी उताणे झोपवून मान किंचित मागे करावी, नाक दाबून तोंडाने श्वास द्यावा आणि मग छातीच्या मधोमध तीस दाब व दोन श्वास असे चक्र, मिनिटाला १०० ते १२० दाबांच्या गतीने, मदत येईपर्यंत चालू ठेवावे. बुडण्यात शरीराला प्राणवायू मिळालेला नसतो, म्हणून इथे तोंडाने दिलेला श्वास फार महत्त्वाचा आहे. हे कौशल्य वाचून येत नाही. जाण्याआधी एकदा प्रशिक्षण घ्यावे. माणूस शुद्धीवर आला तरी त्याला रुग्णालयात न्यावेच, कारण फुप्फुसांत गेलेल्या पाण्याचा त्रास काही तासांनी उद्भवू शकतो.

सर्पदंश झाल्यास जखम कापू नये, चोखू नये, घट्ट आवळपट्टी बांधू नये. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णाला उचलून खाली आणावे आणि प्रतिसर्पविष उपलब्ध असलेले रुग्णालय गाठावे. हे रुग्णालय कोणते, ते गावातून निघतानाच विचारून ठेवावे. मदतीसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक आहेत. डोंगरात अडकलेल्यांसाठी गिर्यारोहकांचे महाराष्ट्र माउंटेनियर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटर काम करते. त्यांचा क्रमांक घरूनच फोनमध्ये साठवून न्यावा. रेंज नसेल तर दोघांनी मिळून गावाकडे जावे, जखमीजवळ किमान एकाने थांबावे आणि ठरावीक अंतराने शिट्टी वाजवत राहावे.

परतल्यावर

गावात पोहोचल्यावर सर्व जण आल्याची मोजदाद करून घरी कळवावे. अंगावरील ओरखडे साबण आणि स्वच्छ पाण्याने धुऊन जंतुनाशक लावावे, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात आणि काखा, कंबर, गुडघ्यामागची जागा गोचिडांसाठी तपासावी. पुढचे दोन-तीन आठवडे एका गोष्टीकडे लक्ष ठेवावे. चिखलाच्या किंवा साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शरीरात जाऊ शकतात आणि ताप, पोटऱ्यांत कमालीच्या वेदना, डोळे लाल होणे ही लक्षणे कधी आठवड्याने तर कधी त्याहून उशिरा दिसतात. असा ताप आला तर साधा समजून घरगुती गोळी घेत बसू नये. डॉक्टरांकडे जाऊन आपण अमुक दिवशी डोंगरातल्या ओढ्यात उतरलो होतो हे स्वतःहून सांगावे, कारण त्यांनी विचारल्याशिवाय ही गोष्ट आपल्या लक्षात येत नाही आणि त्यांना सांगितल्याशिवाय ती सुचत नाही.